तांब्याच्या तारेवरून फायबरवर येताना: बडोद्यातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्यांच्या घरी अजून फोनच्या तांब्याच्या तारेवर नेट चालतं आणि जे आता फायबर घेणार आहेत, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. डायल-अपच्या काळात मोडेम ५६ किलोबिटच्या वर जात नसे आणि नेट चालू असेपर्यंत घरचा फोन लागत नसे. एडीएसएलने (तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडने) एकाच तारेवर दोन्ही चालवलं, पण अंतराचं दुखणं राहिलं. एक्स्चेंजपासून घर तीन-चार किलोमीटरवर असलं की वेग उरत नाही, आणि पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की फोनवर खरखर येते व नेट तुटत राहतं. फायबरला हे त्रास नाहीत. त्याचे वेगळे आहेत.

जुनं कनेक्शन लगेच बंद करू नका

आठ-दहा दिवस दोन्ही चालू ठेवा. कंपनी तीच असेल तर लँडलाइनचा नंबर सहसा तसाच राहतो. कंपनी बदलली तर नंबरही बदलतो, मोबाइलसारखा तो सोबत नेता येत नाही. जुन्या कंपनीने दिलेला ईमेल पत्ता बँकेत, गॅस एजन्सीत, विम्यात कुठे दिलेला असेल तर तो आधी बदलून घ्या. कनेक्शन गेल्यावर त्या पत्त्यावरचा ओटीपी तुम्हाला मिळणार नाही. मोडेम भाड्याचा किंवा डिपॉझिटचा असेल तर परत करून पावती घ्या.

एक गोष्ट ज्येष्ठांच्या घरी आवर्जून सांगा. तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला ४८ व्होल्टचा प्रवाह एक्स्चेंजमधूनच मिळे. फायबरवरचा फोन घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की तोही बंद. फायबर ज्यात जोडलं जातं त्या डब्याला (मोडेम-राउटरला) बहुधा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर असतो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावला तर दोनेक तास निघतात. घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट व अँपिअर जुळतात का आणि पिन तीच आहे का, ते बघा.

केबल घरात येताना

खांबावरून येणाऱ्या केबलच्या आत केसाएवढी काच असते आणि नेट तिच्यातून प्रकाशाच्या रूपात येतं. तिला पाण्याने काही होत नाही, पण वळणाने होतं. कोपऱ्यावर केबल काटकोनात दाबू देऊ नका, वळणाची त्रिज्या किमान ३ सेंमी हवी. खिळ्याची क्लिप घट्ट ठोकली तरी प्रकाश गळतो. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं असावं, केबल आत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्यावा म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकेल, आणि भोक शेवटी बुजवून घ्यावं.

काम संपल्यावर जोडणी करणाऱ्या माणसाकडून मीटरवरचं रीडिंग, म्हणजे घरापर्यंत किती प्रकाश पोचतो तो आकडा, मागून घ्या आणि डब्यावरच लिहून ठेवा. ते उणे आकड्यात येतं. उणे १८ ते उणे २४ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) असलं तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण जरा धूळ बसली की लाल दिवा लागेल. ३ डीबी उतरले की प्रकाश निम्मा झाला, असा हिशेब आहे. हिरव्या टोपीचा कनेक्टर हिरव्यातच बसतो, कारण त्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळ्यात घुसवून चालवलेलं काम परत करायला लावा. टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोकावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला धोक्याचा असतो.

‘नेट स्लो आहे’

ही तक्रार बहुतेक वेळा घराच्या आतली असते, आणि मोठा प्लॅन घेऊन ती सुटत नाही. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरतात, फोर-के ला २५ धरा. चार माणसांच्या घराला ५० चा प्लॅन पुष्कळ झाला. डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये दिसतो म्हणून गोंधळ होतो. एमबीपीएसला ८ ने भागा: १०० च्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, याहून जास्त कधीच दिसणार नाही.

आधी लॅपटॉप केबलने डब्याला जोडून वेग मोजा. इथे पूर्ण येत असेल तर लाइन ठीक आहे, दोष वायफायचा. २०० चा प्लॅन असून केबलवरही ९४ च्या आसपासच अडकत असेल तर लॅन केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते, किंवा संगणकाचा पोर्टच जुना, १०० चा असतो. लाइनला दोष देऊ नका.

रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या वाड्यांत दीड-दोन फुटी विटांच्या भिंती आहेत. त्यांच्यापलीकडे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ पोचतच नाही, २.४ पोचतं पण सावकाश, आणि शेजाऱ्यांची सगळी वायफाय त्याच पट्ट्यात असतात. २.४ वर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा. राउटर लोखंडी कपाटावर, आरशामागे, मायक्रोवेव्हजवळ नको. माडीवर नेट हवं असेल तर रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) घेण्यापेक्षा कॅट ६ ची लॅन केबल वर नेऊन तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारा डबा) लावा. स्वस्त रिपीटर येणारा आणि जाणारा डेटा एकाच रेडिओवर हाताळतो, म्हणून वेग निम्मा होतो. कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब बहुधा २.४ वरच जोडले जातात, म्हणून दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या.

उत्तरायण आणि पूर

१४ आणि १५ जानेवारीला छतांवरून जाणाऱ्या केबलवर मांजा अडकतो. ओढून पतंग काढायला जाऊ नका. काच लावलेला मांजा करवतीसारखा आवरण कापतो आणि आतला धागा तुटतो. बहुतेक ओव्हरहेड केबलला आधाराची लोखंडी तार असते. ती विजेच्या तारेवर लोंबत असेल तर अजिबात हात लावू नका, आधी वीज कंपनीला कळवा. विश्वामित्रीकाठच्या तळमजल्यांवर २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी शिरलं होतं. अशा घरांत डबा आणि विजेचा पॉइंट दोन्ही छातीच्या उंचीवर घ्या.

तक्रार नोंदवताना

डब्यावरचा ‘लॉस’चा (LOS, सिग्नल गेल्याचा) दिवा लाल आहे की ‘पॉन’ (PON, कंपनीशी जोडणीचा) नुसता लुकलुकतोय, हे आधी सांगा. लाल म्हणजे प्रकाशच येत नाही, केबल बघावी लागेल. पॉन लुकलुकत असेल तर अ‍ॅडॉप्टर काढून दोन मिनिटांनी लावा. दोन्ही ठीक असून नेट नसेल तर बिल भरलं आहे का ते बघा. डब्याच्या दिव्यांचा फोटो पाठवलात तर माणूस योग्य सामान घेऊन येतो.