आरई वॉल (प्रबलित मृदा भिंत)

उड्डाणपुलाचा चढ जिथे सुरू होतो तिथपासून पहिल्या गाळ्यापर्यंतचा भराव धरून ठेवणारी, काँक्रीट पॅनेलांची उभी भिंत. नजरेला पॅनेलच दिसतात, पण खरे काम त्यांच्या मागे चालते. भरावात थराथराने आडव्या अंथरलेल्या गॅल्व्हनाइज्ड पोलादी पट्ट्या किंवा जिओग्रिड (प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाची मजबूत जाळी) आणि त्यांवर दाबून बसवलेली माती यांच्यातील घर्षणावर ही रचना उभी असते. फ्रेंच अभियंता आँरी विदाल यांनी १९६३ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. भारतीय रस्ते महासभेची (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी १०२ (२०१४) ही मार्गदर्शिका अशा भिंतींसाठीच आहे.

जुना चौक वाढवताना वाहतूक बंद ठेवता येत नाही आणि उताराची माती पसरायला जागाही नसते. आरई वॉल मागच्या बाजूने, भराव चढेल तशी वर येते. रस्त्याकडून शटरिंग लागत नाही. चौकांच्या कामात ती सर्रास दिसते ती यामुळेच.

पट्टीची लांबी साधारणपणे भिंतीच्या उंचीच्या ०.७ पट, आणि किमान ३ मीटर ठेवतात. पट्टी तुटणार नाही, मातीतून उपसून येणार नाही, तसेच पट्ट्या आणि मातीचा मिळून झालेला सबंध ठोकळा घसरणार, कलंडणार किंवा खचणार नाही, हे सगळे वेगवेगळे तपासावे लागते.

मात्र भिंतीचा खरा शत्रू पाणी आहे. ८ मीटर उंचीची भिंत घेऊ. मातीचे वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि घर्षणकोन (मातीचे कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात याचे माप) ३० अंश धरला, तर दर मीटर लांबीवर मातीचा रेटा १९२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २० टन येतो. त्याच उंचीपर्यंत पाणी तुंबले तर एकट्या पाण्याचा रेटा ३१४ किलोन्यूटन, म्हणजे ३२ टन होतो! म्हणून पॅनेलमागे खडीचा निचरा थर हवाच, आणि भरावही पाणी सोडणारा हवा. काळी माती इथे मुळीच चालत नाही. मुरूमसुद्धा डोळे झाकून घेऊ नये. त्यात बारीक माती किती, हे चाळणीवर तपासावे. चढावर फुगलेली, सांधे उघडलेली पॅनेल दिसतात तेव्हा पहिला संशय भराव आणि निचऱ्यावर घ्यावा.

बांधणीत हाताची सफाई लागते. रोलर फिरला की पॅनेल बाहेर सरकते, म्हणून ते आधीच किंचित आत कललेले लावतात, पाचरी आणि क्लॅम्पने धरतात. पॅनेललगतच्या दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात जड रोलर नेत नाहीत, तिथे छोटे कॉम्पॅक्टर चालवतात. घाईच्या कामात नेमका हाच पट्टा कच्चा राहतो.

पुलाशी गाठ पडते तिथे गर्डरचा (पुलाच्या तुळईचा) भार बहुधा पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर जातो. पाइल फारसे खचत नाहीत, भराव मात्र थोडा बसतो. हा फरक सावरायला किमान साडेतीन मीटरचा ॲप्रोच स्लॅब (भराव आणि पूल जोडणारी काँक्रीटची लादी) टाकतात. पुलावर चढताना गाडीला दणका बसला, तर भराव या स्लॅबला सावरता येईल त्याहून जास्त बसलेला असतो.

डोंगर कापून रस्ता रुंद करायचा तिथे मात्र आरई वॉल अडचणीची ठरते, कारण पट्ट्यांसाठी मागे आणखी खोदावे लागते. पुण्याच्या चांदणी चौकात २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे जुना पूल स्फोटकांनी पाडल्यावर मुंबई-बेंगळुरू महामार्ग वाढवायला बाजूचा खडक फोडावा लागला. अशा कापात वरून खाली येत, खडकात बोल्ट किंवा मातीत सळया ग्राउटसह (पातळ सिमेंट भरून) बसवून, वर जाळी आणि शॉटक्रीट (दाबाने फवारलेले काँक्रीट) मारणे सोयीचे पडते.