सर्व्हरची पहिली रात्र

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जो पूर्वी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाई, आता जवळजवळ बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. ही डेटा सेंटर, म्हणजे असंख्य संगणक एकत्र ठेवून रात्रंदिवस चालवण्याची केंद्रे, आहेत. गेल्या वर्षी ठाण्यातील एका छोट्या वाचनालयाची पुस्तकसूची लोकांना घरबसल्या पाहता यावी म्हणून आम्ही महाप्यातील अशाच एका केंद्रात लहानसा सर्व्हर, म्हणजे मागणाऱ्याला इंटरनेटवरून माहिती पुरवणारा संगणक, भाड्याने घेतला. त्यावर लिनक्स ही प्रणाली होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना १९९१ मध्ये जिची सुरुवात केली, ती आज जगातील बहुतेक वेब सर्व्हर चालवते. संध्याकाळी यंत्र सुरू केले, सूची अजून चढवलीही नव्हती, आणि सकाळी नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहिली तर अनोळखी पत्त्यांवरून आत शिरण्याचे शेकडो प्रयत्न झालेले दिसले. कोणी ‘रूट’ या, यंत्रावर सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, नावाने, कोणी ‘अॅडमिन’ या नावाने, कोणी ‘टेस्ट’ या नावाने पासवर्ड लावून पाहत होते.

वाचनालयाच्या सूचीत कोणाला एवढा रस असावा, हा माझ्या सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर असे की तो कोणालाच नव्हता. इंटरनेटवरील यंत्रांना अंकी पत्ते देण्याच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. हा आकडा मोठा वाटतो, पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ‘झेडमॅप’ नावाची आज्ञावली तयार करून दाखवून दिले की एका साध्या संगणकावरून, वेगवान जोडणी असल्यास, या सर्व पत्त्यांवरील एखादे ठरावीक पोर्ट, म्हणजे यंत्राचे क्रमांक दिलेले दार, पाऊण तासाच्या आत तपासता येते. असे तपासणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. त्यांना आपले नाव, काम वा मोल यांच्याशी कर्तव्य नसते. उत्तर देणारे यंत्र सापडले की ते पासवर्ड लावू लागतात. आपला सर्व्हर लहान आहे, म्हणून तो सुरक्षित आहे, हा समज मला सर्वांत घातक वाटतो.

दूरच्या लिनक्स यंत्रात शिरण्यासाठी एसएसएच ही पद्धत वापरतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी लोकांचे पासवर्ड टिपून घेत असल्याचे उघडकीस आल्यावर टाटू यिलोनेन यांनी १९९५ मध्ये ती तयार केली. तिच्यामुळे संभाषण सांकेतिक होते, पण पासवर्ड ओळखण्याचा धोका उरतोच. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डाचे २०,८८२ कोटी प्रकार होऊ शकतात. मात्र माणसे त्यांतील निवडक, लक्षात राहणारे शब्दच वापरतात आणि हल्लेखोरांच्या याद्यांत नेमके तेच असतात.

म्हणून पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरावी. तिचे मर्म समजण्यासाठी बँकेतील नमुना सही आठवावी. बँकेकडे नमुना असतो, सही आपण करतो आणि बँक ताडून पाहते. इथे सार्वजनिक किल्ली हा सर्व्हरवर ठेवलेला नमुना आहे आणि खाजगी किल्ली आपल्या संगणकातच राहते. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी, फक्त त्या जोडणीपुरत्या असलेल्या मजकुरावर आपला संगणक खाजगी किल्लीने सही करतो व सर्व्हर ती तपासतो. बँकेतील नमुना पाहून सहीची नक्कल करता येते. सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढणे मात्र आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही, कारण हल्ली प्रचलित असलेल्या एड२५५१९ प्रकारच्या किल्लीसाठी लागणाऱ्या गणिती पायऱ्यांची संख्याच सुमारे ३९ अंकी आहे. शिवाय खाजगी किल्ली तारेवरून कधीच जात नाही, त्यामुळे वाटेत टिपण्यासारखे काही नसते.

इथे क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर आपणच बाहेर अडकू. आधी किल्लीने प्रवेश होतो याची खात्री दुसऱ्या खिडकीत करून घ्यावी आणि मगच पासवर्डाने होणारा प्रवेश व ‘रूट’चा थेट प्रवेश बंद करावा. फायरवॉल, म्हणजे नको ती पोर्ट बंद ठेवणारी भिंत, सुरू करण्यापूर्वीही एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट मोकळे ठेवल्याचे पाहावे. वेब सर्व्हरला त्याखेरीज ८० आणि ४४३ एवढीच पोर्ट लागतात. ६५,५३५ पैकी बाकीची बंद राहिली तर वाचकाचे काही अडत नाही.

बाहेरचे दार बंद केल्यावरही आतली व्यवस्था पाहावी लागते. एनजिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर प्रोग्राम डेबियन वा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या कमी अधिकारांच्या वापरकर्त्याच्या नावाने पाने पुरवतो, जेणेकरून त्यातून कोणी घुसले तरी सारे यंत्र त्याच्या हाती जाऊ नये. लिनक्समध्ये वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालवण्याला १ असे अंक असून मालक, गट व इतर यांच्यासाठी त्यांची वेगवेगळी बेरीज करतात. फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ सहसा पुरते. एखादे चित्र चढत नाही म्हणून वैतागून ७७७ देणारे मी अनेक पाहिले आहेत. त्याने चित्र चढते हे खरे, पण यंत्रावरील कोणत्याही वापरकर्त्याला तिथे काहीही लिहिण्याची मुभा मिळते.

ब्राउझरमधील कुलपाविषयी, म्हणजे सांकेतिक जोडणीच्या खुणेविषयीही, गैरसमज आहे. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे २०१५ पासून त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट मिळते आणि ते न घेण्याला आता काही कारण उरलेले नाही; पण ते वाचक आणि सर्व्हर यांच्यामधील वाट सुरक्षित करते, सर्व्हरच्या आतील दुर्लक्ष झाकत नाही. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ दोष तर हे कुलूप चालवणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीतच होता, आणि त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे पुन्हापुन्हा वाचता येत होते. दुरुस्ती लगेच उपलब्ध झाली, तरी केवळ नवी आवृत्ती बसवून भागत नव्हते. चालू असलेला प्रोग्राम जुनीच प्रत स्मृतीत धरून असतो, म्हणून तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागे, आणि किल्ल्या व प्रमाणपत्रेही बदलावी लागत. सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसतील अशी सोय आम्ही पहिल्याच आठवड्यात केली, ती यासाठीच.

सूचीची एक प्रत दररोज रात्री महाप्याहून ठाण्यातील वाचनालयाच्या संगणकावर येते. महिन्यातून एकदा ती एका जुन्या लॅपटॉपवर उतरवून, कपाट क्रमांक सातमधील एखाद्या पुस्तकाची नोंद त्यात सापडते का, हे ग्रंथपालबाई स्वतः शोधून पाहतात.