गांडुळात सापडणारा आपला एक रक्तगट

इंदूरच्या मराठी घरांत स्थळं बघताना पत्रिकेच्या जोडीला आता रक्तगटही विचारतात. तो माहीत असणं चांगलंच. पण ‘दोघंही बी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्त एकच, मग लग्न कसं करायचं?’ असं म्हणून चांगली स्थळं नाकारली जातात, तेव्हा वाईट वाटतं. या समजुतीला कसलाही आधार नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर काळजी घ्यावी लागते, आणि त्यासाठी इंजेक्शन आहे. नवरा-बायकोचा गट सारखा असल्याने काहीही बिघडत नाही.

ए, बी, ओ हे गट ठरतात तांबड्या पेशींवरच्या शर्करांच्या साखळ्यांवरून. साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज ही शर्करा असेल तर बी, एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा असेल तर ए, आणि दोन्ही नसतील तर ओ. अशा साखळ्या माणसाची मक्तेदारी नाहीत.

मला सर्वात विलक्षण वाटतो तो पी-१ हा गट. लँडस्टायनर आणि लेव्हिन या शास्त्रज्ञांनी तो १९२७ मध्ये शोधला. याच्याही टोकाला गॅलॅक्टोजच असतं. फरक जोडणीत आहे: बी गटात ते आधीच्या गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेलं असतं, पी-१ मध्ये चौथ्या. एवढ्याशा फरकाने प्रतिपिंडाला, म्हणजे परक्या गोष्टी ओळखून त्यांना चिकटणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला, दोन्ही वेगळे ओळखू येतात.

हीच पी-१ साखळी गांडुळाच्या अर्कात सापडते, आणि हायडॅटिड गाठीच्या पाण्यातही. ही गाठ कुत्र्याच्या आतड्यातल्या एका फीतकृमीमुळे होते. त्याची अंडी हातांवाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली, की मेंढीच्या किंवा माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेली गाठ वाढते.

त्या पाण्यात पी-१ आहे हे कळतं कसं? पी-१ नसलेल्या काही जणांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, पी-१विरोधी प्रतिपिंडं असतात. असं सीरम पी-१ असलेल्या पेशींत मिसळलं की पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. आता सीरममध्ये आधी गाठीचं पाणी घालायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि मग पेशी घालायच्या. गठ्ठे होत नाहीत, कारण प्रतिपिंडांच्या पकडीच्या जागा पाण्यातल्या साखळ्यांनी आधीच अडवलेल्या असतात. पण सीरम नुसतं पातळ झाल्यानेही गठ्ठे थांबू शकतात. म्हणून शेजारच्या नळीत तेवढंच मिठाचं पाणी घालतात. तिथे गठ्ठे झाले, तरच निष्कर्ष खरा. एखाद्या रुग्णाच्या सीरममध्ये अनेक प्रतिपिंडं एकत्र असतील तर रक्तपेढीत याच युक्तीने पी-१विरोधी प्रतिपिंड बाजूला काढतात आणि मागे काय उरलं ते तपासतात.

पी-१ नसलेल्या माणसाला ही गाठ झाली तर त्याची पी-१विरोधी प्रतिपिंडं जोरदार वाढतात. त्या माणसाच्या पेशींवर पी-१ नाही, म्हणजे ही साखळी त्याच्याकडून आलेली नाही. कृमीकडे ती स्वतःची आहे.

शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या कृमीची तऱ्हा निराळी. त्याची पिल्लं प्रयोगशाळेत ए गटाच्या रक्तात वाढवली तर त्यांच्या अंगावर ए येतो, बी गटाच्या रक्तात वाढवली तर बी. हे उसनं पांघरूण यजमानाच्या प्रतिकारशक्तीपासून लपायला उपयोगी पडत असावं. आरएच, एम आणि एन हे प्रथिनांवरचे गट मात्र त्याला उचलता येत नाहीत. मेदाच्या रेणूला जोडलेल्या शर्करा-साखळ्या पेशीच्या आवरणातून सुटून दुसऱ्या आवरणात शिरू शकतात, आणि तेवढ्याच त्याच्या हाती लागतात.