दोन मीटरच्या रिपीटरला एवढे मोठे डबे का लागतात: ६०० किलोहर्ट्झची पार्श्वभूमी

चार हॅम, म्हणजे लायसन्स घेतलेले हौशी रेडिओवाले, एकत्र बसून नवा रिपीटर (एका फ्रीक्वेन्सीवर कमजोर सिग्नल ऐकून तोच लगेच दुसरीवर जोरात सोडणारं यंत्र) टाकायचं ठरवतात तेव्हा बोलणं सुरू होतं रेडिओवरून, म्हणजे कुठला जुना कमर्शियल सेट स्वस्तात मिळतोय, कंट्रोलर विकत घ्यायचा की रास्पबेरी पायवर करायचा, टॉवर कोणाचा वगैरे. आणि खरा पैसा आणि खरा घाम जातो तो डुप्लेक्सरवर, म्हणजे एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकता-बोलता यावं म्हणून दोन्ही सिग्नल वेगळे ठेवणाऱ्या फिल्टरच्या डब्यांवर. बाकी सगळं सामान गेल्या साठ वर्षांत छोटं झालं, स्वस्त झालं, निम्मंअर्धं तर सॉफ्टवेअर झालं, पण दोन मीटर बँडचे (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचे) ते सहा उंच डबे तिथेच आहेत. माझ्या मते याचं मूळ एका जुन्या निर्णयात आहे, इनपुट (रिपीटर ऐकतो ती फ्रीक्वेन्सी) आणि आउटपुट (तो बोलतो ती) यांच्यात फक्त ६०० किलोहर्ट्झ अंतर ठेवायचं हा तो निर्णय.

सुरुवातीचा काळ भराभर सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर १९५०च्या दशकात हौशी रिपीटर चालू होते आणि तेही एएमवर. एफएमची लाट आली ती १९६०च्या दशकात, त्याला कारण सरकारी. पोलीस, टॅक्सी, ट्रकवाले यांच्या व्हीएचएफ चॅनेलची रुंदी ६० वरून ३० किलोहर्ट्झ करायचा आणि डेव्हिएशन (आवाजाबरोबर फ्रीक्वेन्सी किती हलते ते) १५ वरून ५ किलोहर्ट्झवर आणायचा हुकूम निघाला, त्यामुळे व्हॅक्यूम ट्यूबवाले धडधाकट सेट एका फटक्यात कालबाह्य ठरले आणि भंगाराच्या भावात हॅम लोकांच्या हाती आले. त्यांच्या गॅरेजमध्ये तेव्हा जे सामान गोळा झालं त्यातूनच रिपीटर उभे राहिले. मजा म्हणजे हेच पुन्हा घडलं, १ जानेवारी २०१३ पासून तिथे कमर्शियल चॅनेल १२.५ किलोहर्ट्झवर आणणं सक्तीचं झालं आणि परत एकदा सेकंडहँड बाजार रिपीटरच्या सामानाने भरून गेला. हौशी रिपीटर कायम कमर्शियल रेडिओच्या उरलेल्या सामानावर वाढलाय, आपल्याकडेसुद्धा दोन मोबाईल सेट पाठीला पाठ लावून मागच्या ॲक्सेसरी कनेक्टरमधून वायर जोडून केलेला रिपीटर हा नेहमीचा प्रकार.

आता मुख्य मुद्दा. ते जुने सेट क्रिस्टलवर चालायचे, म्हणजे फ्रीक्वेन्सी ठरायची ती क्वार्ट्झच्या कापलेल्या तुकड्यावरून. एका चॅनेलला दोन क्रिस्टल, एक ट्रान्समिटचं एक रिसीव्हचं, आणि ते पैसे देऊन कापून घ्यावे लागायचे. म्हणजे एकदा एखाद्या शहरातल्या लोकांनी एका जोडीची क्रिस्टल घेतली की ती जोडी बदलणं म्हणजे सगळ्यांच्या खिशाला हात घालणं. १४६.९४ मेगाहर्ट्झ ही फ्रीक्वेन्सी आधीपासून सिम्प्लेक्ससाठी (रिपीटरशिवाय थेट बोलण्यासाठी) सगळ्यांकडे होती, तिला आउटपुट करून १४६.३४ हे इनपुट घेतलं गेलं आणि ही ३४/९४ ची जोडी पसरत गेली. त्यात आणखी एक अडचण होती, तेव्हाच्या टेक्निशियन लायसन्सवाल्यांना दोन मीटरवर १४५ ते १४७ एवढीच जागा होती आणि एफएमवर सगळ्यात जास्त गर्दी त्यांचीच, मग जोड्या १४७ च्या खालीच बसवणं भाग होतं. शेवटी घडी बसली ती अशी: इनपुट १४६.०१ ते १४६.३७, आउटपुट १४६.६१ ते १४६.९७. एका मेगाहर्ट्झचे दोन तुकडे केले की मध्ये उरेल ते अंतर, ते ६००.

सगळे लगेच तयार झाले असं नाही. ३४/७६ ही जोडीही खूप चालायची, तिच्यात तर अंतर फक्त ४२० किलोहर्ट्झ. उलट बाजूला जास्त अंतर मागणारे लोक होते, आणि माझ्या मते तांत्रिक बाजूने बरोबर तेच होते. पण हवी ती फ्रीक्वेन्सी स्वतः तयार करणारे सिंथेसायझरवाले सेट यायला वेळ होता आणि क्रिस्टल तर आधीच विकत घेतलेली. पुढे १४७ च्या वरची जागा खुली झाली तेव्हा नवं अंतर ठरवायची चांगली संधी होती, ती गेली, तिथेही तेच ६०० उलट चिन्हाने लावलं गेलं. युरोपने आपल्या १४४ ते १४६ च्या बँडमध्ये इनपुट १४५.० पासून आणि आउटपुट १४५.६ पासून ठेवलं, म्हणजे पुन्हा ६००. आपल्याकडे दोन मीटरचा बँड तेवढाच, दोन मेगाहर्ट्झचा, त्यात खाली सीडब्ल्यू-एसएसबी (मोर्स आणि अरुंद पट्ट्यातला आवाज), वर १४५.८ पासून सॅटेलाइट, त्यामुळे आपण वेगळं काही करू म्हटलं तरी जागा कुठून आणणार.

हे एवढं ताणून सांगतोय कारण या एका आकड्याने सामानाची अख्खी यादी ठरते.

हिशोब बघा. ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल). चांगला रिसीव्हर पाव मायक्रोव्होल्टवर उघडतो म्हणजे साधारण −११९ डीबीएम. दोघांत १६६ डीबीचा फरक आणि दोघं एकाच अँटेनावर, एकाच वेळी. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला टेकून कोणीतरी कानात सांगितलेलं ऐकायचं, तसं काम आहे हे. सगळे १६६ डीबी डुप्लेक्सरला पाडावे लागत नाहीत, थोडं काम रिसीव्हरची सिलेक्टिव्हिटी करते, पण तरी ८० ते ९० डीबी तरी लागतातच. आणि त्यात दोन वेगळे त्रास आहेत जे लोक एकच समजतात. एक, ट्रान्समिटरचा कॅरियर रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्याला दाबून टाकतो. दुसरा, ट्रान्समिटरचा स्वतःचा नॉइज ६०० किलोहर्ट्झ बाजूला थेट रिसीव्हरच्या फ्रीक्वेन्सीवरच पडतो. दुसऱ्यावर रिसीव्हरकडे काहीच उपाय नाही, कितीही भारी रिसीव्हर आणा, तो नॉइज ट्रान्समिटरच्या बाजूच्या डब्यांनीच अडवायचा. जुन्या क्रिस्टलवाल्या सेटचा हा नॉइज कमी असायचा, म्हणून कधीकधी जुना ट्यूबचा रिपीटर काढून नवाकोरा सिंथेसाइज्ड सेट लावला की रिसीव्हर बहिरा झाला अशी तक्रार यायची.

सुरुवातीला लोकांनी डबे टाळायचे प्रयत्न केले. दोन अँटेना एकाच टॉवरवर वरखाली लावायच्या, ३० मीटर उभं अंतर ठेवलं की दोन मीटरवर साधारण ७५ डीबी मिळतात, तेच आडवं ठेवलं तर ४५ च्या आसपास. पण ३० मीटर मोकळा टॉवर हौशी माणसाला कोण देतो! दुसरा मार्ग म्हणजे रिसीव्हर एका टेकडीवर, ट्रान्समिटर दुसरीवर आणि मध्ये यूएचएफ (दोन मीटरच्या वरचा बँड) लिंक. चालायचं उत्तम, पण दोन जागा, दोन बॅटऱ्या, दोन ठिकाणची कुलपं, आणि पावसाळ्यात दोन ठिकाणी चढून जायचं.

म्हणून कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सीला ट्यून केलेले धातूचे पोकळ डबे. १४५ मेगाहर्ट्झला पाव वेव्हलेंग्थ म्हणजे जवळपास ५२ सेंटीमीटर, त्यावर ट्यूनिंगची दांडी, म्हणून डबा गुडघ्याच्या वर येतो. ६०० किलोहर्ट्झ हे १४५ मेगाहर्ट्झच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी, एवढ्या जवळ पास (हवी ती फ्रीक्वेन्सी जाऊ देणं) आणि नॉच (नको ती अडवणं) दोन्ही बसवायचे तर क्यू, म्हणजे फिल्टरची धार, जास्त हवा, क्यू जास्त हवा तर डब्याचा व्यास मोठा हवा, आतून चांदीचा किंवा निदान तांब्याचा पृष्ठभाग हवा. उन्हाने धातू जरासा वाढला तरी नॉच सरकतो, म्हणून आतली दांडी इन्व्हारची करतात, लोखंड-निकेलचा तो मिश्रधातू फार कमी प्रसरण पावतो. असे प्रत्येक बाजूला दोन किंवा तीन डबे. त्यांचा तोटाही असतो, एका बाजूला दीड डीबी गेले की ५० वॅटचे ३५ च उरतात. यूएचएफला अमेरिकेत ५ मेगाहर्ट्झचं अंतर आहे, टक्क्यात बघितलं तर दुपटीहून जास्त आणि वेव्हलेंग्थ एक तृतीयांश, तिथे डुप्लेक्सर हातात मावतो.

मग आपण यूएचएफवर का जात नाही, तर आपल्याकडे ७० सेंटीमीटरला जागाच ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. ५ मेगाहर्ट्झचं अंतर त्यात बसत नाही, आणि ४३५ च्या वर सॅटेलाइटचा भाग. त्यामुळे भारतातला रिपीटर म्हटला की दोन मीटरच डोळ्यासमोर येतो, डब्यांसकट.

अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत याचा एक नवा फटका बसायला लागलाय आणि तो मला मनापासून सलतो. चिनी बनावटीचे छोटे सहा खोबणींचे नॉच डुप्लेक्सर ऑनलाइन काही हजारांत मिळतात, दिसायला सुबक, वर १३६ ते १७४ असा आकडा छापलेला. ते बनवलेत कमर्शियल वापरासाठी जिथे दोन फ्रीक्वेन्सींमध्ये साधारण ५ मेगाहर्ट्झ अंतर असतं. ६०० वर ते ट्यून होत नाहीत, एका बाजूचा नॉच बसवला की दुसऱ्या बाजूची पॉवर त्यातच जाते. नवीन क्लबची पोरं वर्गणी काढून हे घेतात, महिनाभर स्क्रू फिरवत बसतात आणि शेवटी रिपीटरचं खूळच सोडून देतात. विकणाऱ्याला किमान अंतर किती हा एकच प्रश्न विचारला असता तर पैसे वाचले असते.

चांगली बाजूही आहे. डबे घरी बनवायची परंपरा जुनी आहे, तांब्याच्या पाइपचे, जाड हेलिॲक्स केबलच्या तुकड्यांचे डुप्लेक्सर अमेरिकेत १९७०च्या दशकापासून होतायत, आणि पाइपचं काम एमआयडीसीतला कुठलाही बरा लेथवाला करून देऊ शकतो. अडायचं ते ट्यूनिंगला, कारण ट्रॅकिंग जनरेटरवाला स्पेक्ट्रम ॲनालायझर कोणाच्या घरी असणार. एका जपानी हौशी माणसाच्या आराखड्यावरून निघालेला नॅनोव्हीएनए (फिल्टर मोजायचं छोटं उपकरण) २०१९ च्या सुमाराला स्वस्तात सगळीकडे पसरला आणि हे चित्र पालटलं. त्याला अख्ख्या डुप्लेक्सरचे ९० डीबी दिसत नाहीत, तेवढी त्याची पोच नाही, पण एकेक डबा सुटा काढून त्याचा ३० डीबीचा नॉच बसवायला तो पुरतो, नंतर जोडून बारीक फिरवायचं.

डब्यांच्या पलीकडचंही थोडं. जोडणीची केबल दुहेरी जाळीची हवी, फॉइल आणि जाळी अशी मिश्र शील्डवाली केबल रिपीटरला लावली की दोन धातूंच्या घासण्याने नॉइज तयार होतो आणि कुरकुर आवाज येत राहतो, वाऱ्यात जास्तच. कोकणच्या बाजूला टेकडी असेल तर एन कनेक्टरमध्ये ओल शिरते, वळवाच्या पावसात विजा, त्यामुळे अर्थिंग आणि अरेस्टरवर कंजुषी करून चालत नाही. मोबाईल सेटवर ५० वॅट लिहिलेले असले तरी ते थांबून थांबून बोलण्यासाठी, रिपीटरला २०-२५ वर आणून फॅन लावायचा.

कंट्रोलरचा प्रवास तर एकदम उलटा. १९७२ साली अमेरिकन नियामकाने रिपीटरला वेगळं लायसन्स, डब्ल्यूआर ने सुरू होणारी वेगळी कॉलसाइन, अँटेनाचे तपशील, कंट्रोलचे आराखडे असं भरपूर कागदकाम लावलं, त्याच दशकाच्या शेवटाकडे ते गुंडाळलं गेलं, पण टाइमआउट टायमर (बोलणं लांबलं की ट्रान्समिटर बंद करणारा), आयडी (कॉलसाइन सांगणं) आणि दूरवरून बंद करता येणं या सवयी राहिल्या. त्या रिले आणि डायोडच्या पाटीवर होत्या, मग मायक्रोप्रोसेसर आला, टोन दाबून टेलिफोन जोडणारा ऑटोपॅच आला आणि मोबाईल फोनने त्याचं कामच संपवलं. आता यूएसबी साउंड फॉब आणि पायवर ॲस्टेरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर टाकलं की सगळं होतं, आणि लिंकिंग (दुसऱ्या रिपीटरशी जोडणं) वरून मोफत. सीटीसीएसएस टोन (आवाजाखाली सोडलेला खुणेचा सूर, तो असेल तरच रिपीटर उघडतो) पूर्वी शेजारचा रिपीटर उघडू नये म्हणून असायचा, आज तो लागतो सोलर चार्ज कंट्रोलर आणि एलईडीच्या ड्रायव्हरमधून येणाऱ्या नॉइजसाठी.

डबे टाळायचे खरे मार्ग दोनच निघाले. एक क्रॉसबँड, म्हणजे एका बँडवर ऐकून दुसऱ्यावर बोलायचं: २०२० च्या सप्टेंबरपासून अंतराळ स्थानकावरचा रिपीटर १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो, ६०० चा प्रश्नच नाही. २००५ मध्ये पीएसएलव्ही-सी६ ने सोडलेला आपला हॅमसॅटसुद्धा ४३५ वर ऐकायचा आणि १४५ वर बोलायचा. जमिनीवर मात्र त्यासाठी प्रत्येकाकडे दोन बँडचा सेट हवा. दुसरा मार्ग डीएमआर या डिजिटल पद्धतीचा. त्यात ३० मिलिसेकंदाचे दोन स्लॉट आळीपाळीने चालतात, त्यामुळे एका स्लॉटमध्ये ऐकून पुढच्या स्लॉटमध्ये त्याच फ्रीक्वेन्सीवर बोलणारे रिपीटर बनले, त्यांना डुप्लेक्सर लागतच नाही. डी-स्टार आणि फ्यूजन या दुसऱ्या डिजिटल पद्धतींमध्ये ही सोय नाही, त्यांना डबे तसेच लागतात. पण डीएमआरचा तो रिपीटर फक्त डीएमआर सेटच ऐकणार, आणि आपल्याकडे नवं लायसन्स मिळालेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा साधा एफएमचा स्वस्त हँडहेल्ड असतो, ज्यात शिफ्टच्या (इनपुट-आउटपुटमधल्या अंतराच्या) मेनूत ०.६०० टाकायचं असतं.