कधीच म्हातारी न होणारी वस्ती

जिल्हावार लिंग-गुणोत्तराचा एक नकाशा दर काही महिन्यांनी कुणीतरी पुढे पाठवतं. आकडे २०११ च्या जनगणनेचे. हजार पुरुषांमागे स्त्रिया जितक्या कमी, तितका रंग गडद. लेह ६९०, तवांग ७१४, उत्तर सिक्कीम ७६७. हिमालयाच्या कडेकडेने गडद ठिपक्यांची रांगच दिसते आणि खाली ओळ असते, की इथे मुलींना जन्मालाच येऊ देत नाहीत. ही ओळ चुकीची आहे, आणि तिथल्या आईबापांवर मोठा अन्याय करणारी आहे.

खरी परीक्षा सोपी आहे. एकूण लोकसंख्येचं गुणोत्तर बाजूला ठेवायचं आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं पाहायचं. माणसाच्या जातीत निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. २०११ मध्ये देशाचं बाल लिंग-गुणोत्तर ९१९ होतं आणि लेहचं त्याहून वर. आता बीड पाहा. एकूण गुणोत्तर ९१६, म्हणजे नकाशावर फिकट, नजरेत न भरणारा रंग. बाल लिंग-गुणोत्तर मात्र ८०७. मुली कुठे हरवत होत्या ते या दुसऱ्या आकड्यात कळतं, आणि नकाशा नेमकं तेच लपवतो.

लेहचा आकडा 'उंचावरच्या हवेचा परिणाम' म्हणून सांगणारेही भेटतात. मुलगा की मुलगी हे शुक्रपेशीत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर ठरतं. डोंगराची हवा, तिथीवार, पुत्रप्राप्तीची पुडी यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. असल्या पुड्या विकणाऱ्यांना अशा आकड्यांनी आयतं भांडवल मिळतं, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं.

मग लेहमध्ये स्त्रिया 'कमी' का? कारण तिथे बाहेरून आलेले पुरुष जास्त आहेत. सीमेवरचे जवान आणि रस्त्यांच्या कामावरचे मजूर. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर लष्कराची चौदावी कोअर, म्हणजे हजारो जवानांचा मोठा विभाग, लेहमध्ये उभी राहिली. २००१ मध्ये लेह जिल्ह्याची लोकसंख्या १,१७,२३२ होती, २०११ मध्ये १,३३,४८७ झाली. वाढ जवळजवळ १४ टक्के, दिसायला अगदी साधी. पण फोड करून पाहिली की वेगळंच दिसतं. दहा वर्षांत पुरुष साडेचौदा हजारांहून जास्त वाढले आणि स्त्रिया जेमतेम सोळाशे. लिंग-गुणोत्तर ८२३ वरून ६९० वर आलं. नांदत्या गावांची वाढ अशी होत नाही. तिथे जन्म-मृत्यूंमुळे स्त्रीपुरुष साधारण बरोबरीने वाढतात.

हे फक्त लष्कराचं वैशिष्ट्य आहे असंही नाही. २०११ मध्ये देशातलं सर्वांत कमी गुणोत्तर दमणचं होतं, ५३४, आणि ते कारखान्यांतल्या कामगारांमुळे. याचं उलटं रूप रत्नागिरीत दिसतं: ११२२. पोटापाण्यासाठी बाहेर पडलेले पुरुष दुसरीकडे मोजले गेले. आपल्या जनगणनेत माणूस मोजणीच्या काळात जिथे राहतो तिथे मोजला जातो. त्यामुळे तळावरचा जवान तिथल्या जिल्ह्यात पुरुषांच्या रकान्यात जातो आणि त्याची बायको गावच्या जिल्ह्यात स्त्रियांच्या. एका घराचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांचे आकडे एकाच वेळी वाकवतात.

इथपर्यंतचं पुष्कळांना माहीत असतं. मला खरं वेड आहे ते याच्या पुढच्या भागाचं.

शाळेत लोकसंख्येचा मनोरा काढलेला आठवत असेल. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खाली लहान मुलं, वर म्हातारी माणसं. हा मनोरा एखाद्या सरकत्या जिन्यासारखा चालतो. आज विशीत असलेला गट दहा वर्षांनी तिशीत, वीस वर्षांनी चाळिशीत. एकाच काळात जन्मलेल्यांच्या अशा गटाला कोहॉर्ट म्हणतात. भविष्यातली लोकसंख्या काढायची नेहमीची पद्धत या जिन्यावरच उभी आहे: प्रत्येक गट एक पायरी वर सरकवा, मृत्यू वजा करा, तळाशी नवे जन्म घाला, आलेगेले मोजा. शाळा किती लागतील, खाटा किती, पाणी किती, सगळं या हिशोबातून निघतं.

लष्करी तळ असलेल्या जिल्ह्याच्या मनोऱ्याला वीस ते पस्तीसच्या दरम्यान पुरुषांच्या बाजूला एक मोठं पोट सुटलेलं असतं. दहा वर्षांनी पाहा, ते पोट तिथेच आहे. तीस वर्षांनी पाहा, अजून तिथेच. जिना चालू आहे, बाकी सगळे वर सरकताहेत, पण हे पोट जागचं हलत नाही, कारण त्यातली माणसं सतत बदलत राहतात. बावीस वर्षांचा जवान येतो, दोन-तीन वर्षांनी बदलून जातो, त्याच्या जागी दुसरा बावीस वर्षांचा येतो. नदीच्या धारेत दगडामागे उभी राहिलेली लाट जशी जागेवर दिसते, पाणी मात्र वाहून गेलेलं असतं, तसंच हे. ही वस्ती कधी म्हातारी होत नाही.

आता या जिल्ह्याला नेहमीचा हिशोब लावून पाहू. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, दहा वर्षांपूर्वी जिल्ह्यात १० ते १४ वयाची ८,००० मुलं होती. आज तोच गट २० ते २४ मध्ये आहे. त्यात स्थानिक ७,००० (काही शिकायला, कामाला बाहेर गेले) आणि तळावरचे ८,०००, मिळून १५,०००. आकडेवारी कमी असलेल्या छोट्या जिल्ह्यांसाठी एक सोयीची रीत वापरतात: नव्या आकड्याला जुन्याने भागायचं. १५,००० भागिले ८,०००, म्हणजे १.८७५. 'या वयात गट पावणेदोनपटीहून जास्त वाढतो' असं मानून पुढची दहा वर्षं काढायची.

दरम्यान स्थानिक जन्मदर उतरला आणि आज १० ते १४ ची मुलं फक्त ६,००० आहेत. रीत सांगते, दहा वर्षांनी २० ते २४ मध्ये ६,००० गुणिले १.८७५, म्हणजे ११,२५० माणसं असतील. खरं काय होईल? स्थानिक मुलं पूर्वीच्याच प्रमाणात टिकली तर ५,२५०. तळ तेवढाच राहिला तर ८,०००. एकूण १३,२५०. दोन हजारांची चूक. गणिताने असं धरलं, की गावात मुलं कमी जन्मली म्हणून तळावरचे जवानही कमी होतील! पण तळावर किती माणसं असावीत हे गावातल्या पाळण्यांवर ठरत नाही. ते राजधानीतल्या एका निर्णयावर ठरतं.

मनोऱ्याच्या वरच्या बाजूला हीच चूक उलटी होते. ३० ते ३४ मध्ये ११,००० माणसं: ६,००० स्थानिक, ५,००० जवान. दहा वर्षांनी ४० ते ४४ मध्ये ७,०००: स्थानिक ५,८००, लष्करी १,२००. गुणोत्तर ०.६३६. आता समजा तळ बंद झाला. ३० ते ३४ मध्ये उरले फक्त ६,००० स्थानिक. जुनं गुणोत्तर लावलं की दहा वर्षांनी ३,८०० च उरतात. जे गाव सोडून कुठेही जाणार नव्हते असे जवळपास दोन हजार लोक कागदावर नाहीसे होतात. त्यांच्या वाट्याचा दवाखाना, त्यांच्या वाट्याची बससेवा त्यांच्याबरोबर नाहीशी होऊ शकते.

आणि गुणोत्तराच्या वाटेला न जाता नुसता जिना चालवला तर याच्या उलट. आजचे जवान पायरी पायरी चढत जातात आणि चाळीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात हजारो साठीचे म्हातारे दिसू लागतात. प्रत्यक्षात ते केव्हाच आपापल्या गावी परतलेले असतात.

उपाय अवघड नाही. जिल्ह्याचे दोन जिल्हे करायचे. तळाची लोकसंख्या आधी वजा करायची, उरलेल्यांना जिन्यावर चढवायचं, आणि शेवटी तळाचा आकडा, जो असेल तो, जसाच्या तसा परत मिळवायचा. वसतिगृहं असलेल्या विद्यापीठ-नगरांना आणि मोठे तुरुंग असलेल्या तालुक्यांनाही हेच लागू पडतं. आपल्या जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या, पण नात्याने न जोडलेल्या माणसांच्या गटाला 'संस्थात्मक कुटुंब' म्हणतात. बराकी त्यात येतात. निव्वळ लष्करी क्षेत्रांना 'स्पेशल चार्ज' असं नाव आहे आणि तिथली मोजणी लष्कराच्या मदतीने वेगळी होते. म्हणजे वेगळं करण्याची सोय मोजणीतच आहे. बेरीज झाल्यावर मात्र सगळे एकाच आकड्यात मिसळतात.

वजाबाकी इतकी सोपी असती तर बरं झालं असतं. बराकीतला जवान वेगळा काढता येतो, पण कुटुंबासह राहणाऱ्याचं काय? क्वार्टर्स अपुऱ्या पडल्या की ही कुटुंबं आजूबाजूच्या गावांत भाड्याने राहतात. मोजणीत ती गावकऱ्यांसारखीच दिसतात, पण जिन्यावर चढत नाहीत. त्यांचीही बदली होते. मनोऱ्यावर त्यांची खूण खालच्या पायऱ्यांवर दिसते: पाच-सात वर्षांची मुलं भरपूर, पंधरा-सोळाची कमी, कारण मुलं मोठी झाली की बरीच कुटुंबं शिक्षणासाठी एका जागी स्थिरावतात. त्यामुळे पहिलीचा वर्ग कायम भरलेला आणि दहावीचा कायम अर्धा. मागची पहिली पुढे दहावीत येईल म्हणून नऊ वर्षांनी वरच्या वर्गांसाठी खोल्या बांधल्या, तर त्या रिकाम्या राहतात.

शाळेच्या बाबतीत पटावरचा आकडाही फसवतो. तीनशे मुलांच्या शाळेत वर्षभरात शंभर गेली आणि शंभर आली, तरी पट तीनशेच. जनगणना टाकीतल्या पाण्याची पातळी मोजते, नळातून किती आलं आणि किती गेलं ते मोजत नाही. पण शिक्षकाला, लसीकरणाच्या नोंदी ठेवणाऱ्या परिचारिकेला काम पडतं ते या येण्याजाण्याचं. दाखले, नवी भाषा, अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम. काही देशांनी हे ओळखलं आहे. इंग्लंडमध्ये २०११ पासून सैनिकांच्या मुलांसाठी शाळांना वेगळा निधी मिळतो. अमेरिकेत १९५० पासून, तळाच्या जमिनीवर स्थानिक कर लागत नाही म्हणून तिथल्या शाळांना केंद्राकडून भरपाई मिळते.

घरांचं गणित आणखी नाजूक. अमेरिकेत जवानाला घरभाड्यासाठी भत्ता मिळतो आणि तो हुद्दा, कुटुंब आणि ठिकाणचं भाडं पाहून ठरतो. छोट्या गावात निम्मे भाडेकरू असा भत्ता घेणारे असले की घरमालक भाडं त्या आकड्याला नेऊन टेकवतात. शेतमजूर, दुकानात काम करणारी पोरं यांना असा भत्ता नसतो, पण घर त्याच बाजारातून घ्यावं लागतं. आपल्याकडे १९०३ च्या एका कायद्यानुसार संरक्षण आस्थापनांच्या आसपास बांधकामावर निर्बंध घालता येतात. म्हणजे मागणी जिथे सर्वाधिक, तिथेच नवी घरं बांधणं अवघड.

'तळ आला की विकास आला' या घोषणेबद्दल म्हणूनच मला शंका वाटते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या फोर्ट रायली तळावर २००६ मध्ये पायदळाची पहिली इन्फन्ट्री डिव्हिजन जर्मनीतून परत आली. शेजारच्या जंक्शन सिटीने कर्ज काढून रस्ते, गटारं, जलवाहिन्या टाकल्या, प्लॉट पाडले. सैनिक आले, पण घरं अपेक्षेइतकी विकली गेली नाहीत आणि शहर कर्जात अडकलं. दहा हजार माणसं येणार म्हणजे दहा हजारांना घरं लागणार, असा त्रैराशिकाचा हिशोब इथे चालत नाही. अविवाहित जवान बराकीत राहतो. तुकडी मोहिमेवर गेली की काही कुटुंबं माहेरी जातात. आणि दोन वर्षांनी बदली होणार हे ठाऊक असलेला माणूस घर विकत घेताना दहा वेळा विचार करतो.

आरोग्याच्या आकड्यांचंही असंच. हजार लोकसंख्येमागे मृत्यू किती, हा दर तळाच्या जिल्ह्यात छान कमी दिसतो, कारण छेदात हजारो धडधाकट तरुण आहेत. त्यांचं रुग्णालय तळाच्या आत. बाहेरच्या गावातल्या सत्तर वर्षांच्या बाईला त्याचा उपयोग नाही, पण सरासरीत ती त्यांच्याबरोबर भागली जाते. वयानुसार प्रमाणित केलेला दर, म्हणजे सगळीकडे तरुण-म्हाताऱ्यांचं प्रमाण सारखंच धरून काढलेला दर, पाहिला तरच खरी स्थिती कळते.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची स्थिती धरून मोजायचं तो दिवस, देशासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे. लडाख आणि इतर बर्फाळ भागांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६, म्हणजे खिंडी उघड्या आणि रस्त्यांची कामं चालू असतानाचा. लेहचे नवे आकडे आले की नकाशे पुन्हा फिरतील. मी आधी सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचा रकाना उघडणार आहे, मग संस्थात्मक कुटुंबांचा, आणि मग २०११ मध्ये ५४,५१६ असलेल्या स्त्रियांचा.