आटोपशीर आणि सुविधासंपन्न सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरमध्ये किती सुविधा असाव्यात याविषयी विकसकांत दोन पंथ आहेत. पहिल्याच्या मते प्रोग्रॅमने नेमून दिलेले एक काम चोख करावे आणि बाकीचे इतरांवर सोडावे. याला मिनिमलिझम म्हणतात. दुसरा पंथ वापरणाऱ्याला लागेल ते सगळे एकाच छताखाली देऊ पाहतो. त्याची उत्पादने जाहिरातीत ‘सुविधासंपन्न’ असतात, टीकाकारांच्या तोंडी ‘ब्लोटवेअर’, म्हणजे फुगलेली. मिनिमलिझम म्हणजे पांढरी, मोकळी स्क्रीन असा एक समज आहे. पण मोकळ्या स्क्रीनमागे लाखो ओळींचा कोड असू शकतो आणि अगदी चिमुकला प्रोग्रॅम दिसायला ओबडधोबड असू शकतो.

पहिल्या पंथाचे मूळ अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत १९६९ साली सुरू झालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सापडते. १९७३ मध्ये युनिक्सला ‘पाइप’ मिळाला. एका प्रोग्रॅमचा निकाल थेट दुसऱ्याच्या हाती देण्याची ही सोय झाल्यावर लहान लहान प्रोग्रॅम एकमेकांना जोडून मोठे काम उरकता येऊ लागले. या कल्पनेचा जनक डग्लस मॅकिलरॉय याने १९७८ मध्ये कार्यपद्धतीच शब्दांत मांडली: प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम नीट करावे आणि नवे काम आले की नवा प्रोग्रॅम लिहावा. हे व्रत युनिक्सवाल्यांनाही फार काळ पाळता आले नाही. फाइली एकापुढे एक जोडणाऱ्या ‘कॅट’ या साध्या आज्ञेला न दिसणारी अक्षरे दाखवण्याचा पर्याय चिकटवला गेला, तेव्हा १९८३ मध्ये बेल लॅब्जच्याच रॉब पाइक याने त्यावर जाहीर टीका केली. त्याचा आक्षेप तत्त्वाचा होता: हे काम कॅटचे नाहीच.

दुसऱ्या टोकाला १९७६ पासूनचा ईमॅक्स आहे. मूळचा मजकूर-संपादक; पण त्यात मेल वाचता येते, दिनदर्शिका पाहता येते, टेट्रिस खेळता येते आणि मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग घेतलेल्या प्रोग्रॅमशी गप्पाही मारता येतात. मेल वाचता येईपर्यंत प्रत्येक प्रोग्रॅम वाढतच राहतो, हा प्रोग्रॅमर जेमी झाविन्स्की याचा ‘नियम’ विनोद म्हणून सांगितला गेला, तरी तो बऱ्याच प्रोग्रॅमना लागू पडतो.

सॉफ्टवेअर फुगते ते कोणाच्या हट्टामुळे नव्हे. प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्त असते. ती मागणारा समोर असतो. तिचा भार मात्र सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो, म्हणून तक्रार करायला कोणी येत नाही. विक्रीचे गणितही त्याच बाजूचे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबोरा थॉम्पसन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळले, की वापरण्यापूर्वी लोक जास्त सुविधांची वस्तू निवडतात आणि वापरल्यावर साधी वस्तू त्यांना अधिक समाधान देते. पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेचा कर्ता निक्लाउस विर्थ याने १९९५ मध्ये या फुगवट्याविरुद्ध लेख लिहिला. एकेकाळी ८,००० बाइटमध्ये बसणाऱ्या संपादकाला आता शंभरपट जागा लागते, ही त्याची तक्रार. आजच्या आकड्यांपुढे ते शंभरपट किरकोळच वाटेल.

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या वाटचालीत हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. वर्ड २००३ मध्ये दीड हजारांच्या आसपास आज्ञा होत्या, पण पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचांचाच वाटा एकूण वापरात सुमारे ३२ टक्के होता. मग बाकीच्या काढून का टाकू नयेत? सॉफ्टवेअरवर लिहिणारा विकसक जोएल स्पोल्स्की याने २००१ मध्येच याचे उत्तर देऊन ठेवले होते: ८० टक्के लोक २० टक्केच सुविधा वापरतात हे मान्य, पण प्रत्येकाचे २० टक्के वेगळे. वर्ड ज्याचा भाग आहे त्या ऑफिस संचाच्या २००० च्या आवृत्तीने न वापरलेल्या आज्ञा मेन्यूत आपोआप लपवून पाहिल्या. लोकांना सवयीच्या जागी आज्ञा सापडेनात. शेवटी २००७ मध्ये मेन्यू मोडून ‘रिबन’, म्हणजे आज्ञांची बटणे गटागटाने दाखवणारी पट्टी, आणावी लागली. आज्ञांची संख्या कमी झाली नाही, मांडणी बदलली.

प्रत्येक सेटिंगला देखभालीचा खर्च असतो. चालू-बंद अशा दहा सेटिंग्ज ठेवल्या की १,०२४ जुळण्या होतात, आणि त्या सगळ्या कोणी तपासत नाही. सुरक्षेच्या बाबतीत हा खर्च भयंकर ठरू शकतो. लॉगफोरजे ही जावा भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये काय घडते याच्या नोंदी लिहिणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड. २०१३ मध्ये तिला नोंदीतला विशिष्ट मजकूर पाहून बाहेरच्या सर्व्हरवरून माहिती आणण्याची क्षमता देण्यात आली. हवी होती ती मोजक्यांना, मिळाली सगळ्यांना. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाले, की तसा मजकूर पाठवून कोणीही दुसऱ्याच्या यंत्रावर आपला कोड चालवू शकतो. नोंदवहीने निरोप आणायला जावेच कशाला, हा पाइकचाच प्रश्न इथे वेगळ्या किमतीला विचारला गेला.

पण सुविधा काढली म्हणून गरज नाहीशी होत नाही. संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर याच्या मते गुंतागुंतीचा काही भाग अटळ असतो; तो वापरणाऱ्याने सोसायचा की विकसकाने, एवढेच ठरवता येते. डीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्रॅम, स्वतःला २,००० ओळींच्या मर्यादेत ठेवतो, आणि रंग बदलायचा तर वापरणाऱ्याला सी भाषेतील फाइल बदलून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायला लावतो. हा आटोपशीरपणा प्रोग्रॅमरलाच परवडतो. अ‍ॅपलने जून २०११ मध्ये फायनल कट प्रो हा व्हिडिओ-संपादनाचा प्रोग्रॅम नव्याने लिहून आणला तेव्हा जुने प्रकल्प उघडेनात, अनेक कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र संपादित करण्याची सोयही गायब. व्यावसायिक संपादक खवळले. जानेवारी २०१२ मध्ये ती सोय परत आली. तुकडे फार बारीक केले तरी धोका असतोच: मार्च २०१६ मध्ये एका विकसकाने लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट कोडच्या सामायिक भांडारातून काढून घेतले आणि त्यावर अवलंबून असलेले हजारो प्रकल्प बांधून तयार होईनात.

मधला मार्ग म्हणून गाभा लहान ठेवून वाढीव सुविधा प्लगइनमधून, म्हणजे मागाहून जोडता येणाऱ्या पूरक प्रोग्रॅममधून, देण्याची पद्धत रूढ झाली. ब्राउझर, मेल आणि वेबपान-संपादक एकत्र असलेल्या मोझिला संचातून केवळ ब्राउझर वेगळा काढून २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, तो एक्स्टेन्शन नावाच्या अशाच जोडण्यांच्या भरवशावर. यातही प्लगइन कोण सांभाळणार हा प्रश्न उरतो.

साधेपणाचा नमुना म्हणून वर्षानुवर्षे दाखवल्या गेलेल्या विंडोजच्या नोटपॅड या साध्या मजकूर-संपादकाला २०२३ मध्ये टॅब मिळाले आणि पुढच्या वर्षी शुद्धलेखन-तपासणी. त्याच वर्षीच्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून नोटपॅड आणि वर्ड यांच्या मधले वर्डपॅड काढून टाकण्यात आले.