शाईची पारख: आधी काळेपणाची, मग रंगाची

फाउंटन पेनची नवी शाई हाती आली की आज आपण शेडिंग (एकाच रेघेतला फिका-गडद फरक) बघतो, शीन (सुकलेल्या शाईवर चमकणारी वेगळ्याच रंगाची झाक) बघतो, सुकल्यावर रंग किती उतरला ते बघतो. शाई तपासण्याची पद्धत ज्यांनी बसवली, त्यांना मात्र रंगाशी फारसं देणंघेणं नव्हतं. दस्तऐवज टिकला पाहिजे, एवढीच त्यांची चिंता.

मायफळातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांची शाई लिहिताना फिकट दिसते आणि हवा लागून कागदावरच काळी होत जाते. तोवर अक्षर दिसावं म्हणून तिच्यात निळा रंग मिसळत. ज्या ब्लू-ब्लॅक, म्हणजे निळ्या-काळ्या शाईच्या छटांवरून आज वाद रंगतात, त्यातला निळा मुळात असा कामचलाऊ!

१८८८ मध्ये जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सरकारने नियम केले: पहिल्या प्रतीच्या शाईत लिटरमागे किमान ३० ग्रॅम टॅनिक व गॅलिक आम्ल आणि ४ ग्रॅम लोह हवं. पाठोपाठ श्लुटिग आणि नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी ओघळांची चाचणी मांडली. ताणलेला कागद तिरका धरायचा आणि प्रमाण शाई व तपासायची शाई यांचे ओघळ शेजारी-शेजारी सोडायचे. ते काळे पडले की कागदाच्या आडव्या पट्ट्या कापायच्या, म्हणजे प्रत्येक पट्टीवर सगळ्या शाया येतात. मग एक पट्टी पाण्यात, एक अल्कोहोलमध्ये बुडवायची आणि कोणती शाई किती टिकते ते बघायचं. साधी, पण बिनतोड युक्ती.

त्याआधीच, १८५६ मध्ये, विल्यम पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाला कृत्रिम जांभळा रंग सापडला होता आणि कृत्रिम रंगांची रांगच लागली. त्यांच्या शाईत गाळ धरत नाही, म्हणून ती पेनला मानवली. उन्हात विटते, पाण्याने पसरते, हे लोकांनी चालवून घेतलं. पुढे रोजचं लिखाण बॉलपेनकडे गेलं आणि फाउंटन पेनच्या शाईला नुसतं देखणं असण्याची मुभा मिळाली. २००७ मध्ये पायलट या जपानी पेन कंपनीची इरोशिझुकू ही रंगीत शायांची मालिका आली ती याच वाटेने.

आता पारख डोळ्यांची, आणि डोळे फसतात. कापसाच्या बोळ्याने ओढलेला पट्टा निबच्या रेघेपेक्षा गडद येतो. त्यावरून शाई निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शीन तर अर्धी कागदाची करामत: तोमोए रिव्हर या पातळ जपानी कागदासारखा कागद शाई चटकन पीत नाही, रंग वरच सुकतो आणि निळ्यावर लाल झाक चमकते. पिवळ्या दिव्याखाली तोच निळा मंद वाटतो, म्हणून छटा दिवसाउजेडी ठरवावी. टिकाऊपणासाठी मात्र अजूनही शाई लावलेली कागदाची पट्टीच लागते: अर्धी झाकून खिडकीत ठेवायची आणि काही आठवड्यांनी झाकण काढून दोन्ही भाग ताडून बघायचे.